फक्त हलू नये म्हणून

गेल्या वर्षी आमच्या शाळेतल्या पाचवीच्या एका मुलीनं दोन दिवसांची रजा मागितली. कारण विचारलं तर म्हणाली, "भावाचा एमआरआय आसा, बांबोळेक. सगळीच जातंव." भाऊ अडीच वर्षांचा. त्याला दोनदा झटके आले होते आणि मेंदूचं चित्र काढून पाहावं असं डॉक्टरांनी सुचवलं होतं. वेंगुर्ल्याच्या माणसाला मोठ्या तपासणीसाठी बांबोळी, बेळगाव नाहीतर कोल्हापूर गाठणं काही नवं नाही. नवं होतं ते त्यांच्या हातातल्या कागदावरचं एक वाक्य : मुलाला भूल द्यावी लागेल, पालकांची संमती हवी. संध्याकाळी मुलीची आजी शाळेच्या फाटकाशी भेटली. "मास्तरानु, कापूचा नाय, टोचूचा नाय, नुसतो फोटो काढूचो. मगे झिलाक निजवतत कित्याक? आणि निजयल्यार तो उठतलो मां?"

आजीचे प्रश्न दोन होते. पहिल्याचं उत्तर पदार्थविज्ञानात आहे आणि ते सोपं आहे. दुसऱ्याचं उत्तर पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात पसरलेलं आहे, आणि तेच या लेखात सांगायचं आहे.

आधी सोपं उत्तर. एमआरआय यंत्र हे एक प्रचंड चुंबक असतं. नेहमीच्या दीड टेस्ला क्षमतेच्या यंत्राचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट असतं. त्या क्षेत्रात शरीरातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांना रेडिओलहरींनी डिवचायचं आणि ती पूर्वस्थितीला येताना जे संकेत देतात ते टिपायचे, असं हे काम आहे. कॅमेऱ्यासारखा एका क्षणात फोटो निघत नाही. एकेका मालिकेला काही मिनिटं लागतात आणि मेंदूच्या पूर्ण तपासणीला सहज अर्धा-पाऊण तास जातो. संकेत थोडेथोडे जमवून चित्र रचलं जात असल्यामुळे मधेच डोकं हललं की त्या मालिकेचं सगळं चित्र पुसट होतं. त्यात यंत्र अरुंद बोगद्यासारखं आणि आवाज हातोडे आपटल्यासारखा. मोठ्या माणसाला कानात बोळे घालून "हलू नका" म्हणून सांगता येतं. अडीच वर्षांच्या मुलाला काय सांगणार?

म्हणजे इथे भूल वेदनेसाठी नाही, स्तब्धतेसाठी आहे. पण भुलेचा जन्म झाला तो वेदनेपायी.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनला ईथरची भूल जाहीरपणे दाखवण्यात आली. ही बातमी जहाजांतून जगभर गेली आणि २२ मार्च १८४७ रोजी कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात ईथर वापरलंही गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्पसननं क्लोरोफॉर्म आणला. क्लोरोफॉर्म देऊन केलेल्या अगदी पहिल्या शस्त्रक्रियांपैकी एक झाली ती चार-पाच वर्षांच्या एका मुलावर. हाताच्या हाडाचा सडलेला भाग काढायचा होता. मुलगा स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला, त्याला फक्त गेलिक भाषा येत होती. त्याला काय करायचं आहे हे समजावण्याचा कुठलाच मार्ग डॉक्टरांकडे नव्हता. रुमालावर क्लोरोफॉर्म शिंपडून तो तोंडासमोर धरला, मुलानं थोडी धडपड केली आणि थोड्याच वेळात तो घोरू लागला. हाड काढून झालं. अर्ध्या तासानं तो खाटेवर ताज्या झोपेतून उठल्यासारखा प्रसन्न दिसला. विद्यार्थ्यांत एक गेलिक जाणणारा सापडला, त्याच्यामार्फत विचारलं तेव्हा मुलानं सांगितलं की काहीच दुखलं नाही.

मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. मूल आणि भूल यांचं नातं पहिल्यापासूनच असं आहे. ज्याला समजावून सांगता येत नाही त्याची समजूत औषधानं घालायची. एडिंबरोत अडचण परक्या भाषेची होती, बांबोळीला वयाची. पण त्यामुळेच एक जबाबदारीही येते. मोठा माणूस "मला घुसमटतंय" असं निदान गुंगी चढेपर्यंत तरी सांगतो. मूल सांगत नाही. दुसऱ्या कुणाला तरी ते बघावं लागतं.

नेमकं काय बघायचं, यावर मात्र पुढची साठ वर्षं जोरदार भांडण झालं.

क्लोरोफॉर्मचं कौतुक सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते तोच, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळच्या एका गावात हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म देताना दगावली. शस्त्रक्रिया होती पायाच्या बोटाचं नख काढण्याची. एवढ्याशा कामासाठी जीव गेला, म्हणून सगळे हादरले. ती कशानं गेली? हृदय थांबलं, की श्वास? इंग्लंडातले पुष्कळ डॉक्टर म्हणत, बोट नाडीवर ठेवा. स्कॉटलंडातले म्हणत, नाडी सोडा, श्वास बघा.

या वादात शांतपणे मोजमाप करणारा एक माणूस होता, जॉन स्नो. कॉलऱ्याचा धडा शिकवताना १८५४ सालच्या लंडनमधल्या ज्या पंपाची गोष्ट आपण सांगतो, त्या गोष्टीतला हाच स्नो. पोटापाण्याचा त्याचा व्यवसाय भूल देण्याचा होता. रुमालावर अंदाजानं शिंपडणं त्याला पसंत नव्हतं. हवेत क्लोरोफॉर्मची वाफ शेकडा किती जाते यावर सारं अवलंबून आहे, असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्यासाठी त्यानं स्वतःची उपकरणं बनवली. प्रत्येक रुग्णाची टिपणंही तो ठेवी. १८५८ साली त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या ग्रंथात एक वर्षाखालच्या १८६ तान्ह्या मुलांना क्लोरोफॉर्म दिल्याची नोंद आहे. मुलांना भूल लवकर चढते आणि लवकर उतरतेही, कारण त्यांचा श्वास आणि रक्ताभिसरण जलद असतं, हे त्यानं तेव्हाच लिहून ठेवलं होतं.

वादाचा पुढचा अंक आपल्याकडे घडला, तोही त्या काळी मराठवाडा ज्या संस्थानात होता त्या हैदराबादेत. तिथला ब्रिटिश सर्जन एडवर्ड लॉरी हा एडिंबरोच्या परंपरेतला, श्वास बघा म्हणणाऱ्यांपैकी. त्यानं १८८८ साली निजामाच्या पैशातून प्रयोगांसाठी एक आयोग नेमला. लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकानं त्याचे निष्कर्ष मानले नाहीत, तेव्हा निजामानं एक हजार पौंड देऊन साप्ताहिकालाच आपला तज्ज्ञ पाठवायला सांगितलं. १८८९ साली लॉडर ब्रंटन हे नामवंत औषधशास्त्रज्ञ हैदराबादेत आले. कुत्री, माकडं वगैरे प्राण्यांवर शेकडो प्रयोग झाले. अहवाल आला तो लॉरीच्या बाजूनं. क्लोरोफॉर्मनं आधी श्वास थांबतो, हृदय मागाहून. म्हणून फक्त श्वासावर लक्ष ठेवा.

याच हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी ही पारशी तरुणी वैद्यकाचं शिक्षण घेऊन १८८९ साली बाहेर पडली आणि पुढे कित्येक वर्षं तिनं रुग्णालयात क्लोरोफॉर्म देण्याचं काम केलं. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत तिचं नाव घेतलं जातं. ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत का नसावी, कोण जाणे.

आता गंमत बघा. हैदराबाद आयोगाचा निष्कर्ष शास्त्र म्हणून चुकीचा निघाला. १९११ साली गुडमन लेव्ही यानं मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की हलक्या क्लोरोफॉर्मच्या अंमलाखाली हृदयाच्या खालच्या कप्प्यांची अचानक नुसती थरथर सुरू होऊन हृदय एकाएकी बंद पडू शकतं, श्वास चालू असतानासुद्धा. म्हणजे नाडीवाल्यांचंही बरोबर होतं. क्लोरोफॉर्म यथावकाश मागे पडलं. पण "श्वास बघा" हा हैदराबादचा सल्ला मागे पडला नाही, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर तो आजही पहिल्या क्रमांकाचा आहे.

का, ते शरीररचना सांगते. लहान मुलाचं डोकं धडाच्या मानानं मोठं. ते उताणं झोपलं की मान पुढे वाकते. जीभ तोंडाच्या मानानं मोठी, आणि गुंगीत स्नायू सैल पडले की ती मागे घसरते. श्वासनलिका अरुंद; नळीची त्रिज्या निम्मी झाली तर सुरळीत प्रवाहाला होणारा अडथळा सोळापट होतो, हे विज्ञानाचा शिक्षक वर्गात एक जाड आणि एक बारीक स्ट्रॉ देऊन सहज जाणवून देऊ शकतो. शिवाय वजनाच्या मानानं मुलाला प्राणवायू मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट लागतो आणि फुप्फुसांतला साठा कमी. म्हणून श्वास अडला तर मोठ्या माणसाला जेवढा अवधी मिळतो तेवढा मुलाला मिळत नाही. निरोगी मुलाचं हृदय अशा वेळी आपणहून क्वचितच बंद पडतं. श्वास अडल्यावर प्राणवायूविना ते मंदावत जातं. मुलाचा श्वास कुणी सांभाळला तर बहुधा हृदयही सांभाळलं जातं.

आमच्या वेंगुर्ल्यात अमेरिकन मिशनचं सेंट ल्यूक्स इस्पितळ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नावारूपाला आलं. तिथल्या डॉ. गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ साली वेंगुर्ल्यातच जन्मला आणि पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष व भारतातला अमेरिकेचा राजदूत झाला, हे जुनी माणसं अभिमानानं सांगतात. पण त्या काळात कुठल्याही लहान गावातल्या इस्पितळात भूलतज्ज्ञ म्हणून वेगळी व्यक्ती असणं ही चैनच होती. जो कुणी हाताशी असेल तो जाळीच्या मुखवट्यावर थेंबथेंब ईथर किंवा क्लोरोफॉर्म टाकी. भूलतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना निघाली तीच १९४७ साली. त्यानंतर मात्र शस्त्रक्रियागृहात चित्र बदलत गेलं. रुग्णाच्या उशाशी बसून फक्त त्याचा श्वास, नाडी, रंग बघणारा एक डॉक्टर हवाच, हे मान्य झालं.

ही शिस्त शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत आली. स्कॅनची खोली दाराबाहेर होती.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या एका रुग्णालयात गॉडफ्रे हौन्सफील्डच्या यंत्रानं पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन निघाला. तेव्हा एकेका छेदाला काही मिनिटं लागत. १९८० नंतर एमआरआय पसरला, तोही वेळखाऊ. (सीटी पुढे इतका वेगवान झाला की आज पुष्कळ मुलांना त्यासाठी झोपवावं लागत नाही.) मुलं स्तब्ध ठेवायची गरज अशी निर्माण झाली, पण जखम नाही, रक्त नाही, मग भूलतज्ज्ञ कशाला, असं साहजिकच वाटलं. "थोडं झोपेचं सिरप द्या, झोपलं की आत घेऊ", अशी पद्धत जगभर पडली.

या सिरपची वंशावळ पाहण्यासारखी आहे. १८३२ साली जर्मनीतल्या लीबिगनं क्लोरल हा पदार्थ बनवला. क्लोरलवर अल्कलीची क्रिया केली की क्लोरोफॉर्म मिळतं. बर्लिनच्या ऑस्कर लीब्राइखनं विचार केला, रक्त तर किंचित अल्कधर्मी असतं. मग क्लोरल पोटात दिलं तर शरीरातच सावकाश क्लोरोफॉर्म तयार होईल आणि माणूस झोपेल. १८६९ साली त्यानं ते देऊन पाहिलं आणि माणसं खरोखरच झोपली! फक्त कारण ते नव्हतं. शरीरात क्लोरलपासून क्लोरोफॉर्म नव्हे, तर ट्रायक्लोरोइथेनॉल तयार होतं आणि झोप त्याची असते, हे विसाव्या शतकात कळलं. चुकीच्या तर्कातून बरोबर औषध निघाल्याचं याहून सुरेख उदाहरण मला तरी ठाऊक नाही. क्लोरल कडू आणि पोटाला जळजळ करणारं, म्हणून त्याचाच सौम्य भाऊ ट्रायक्लोफॉस पुढे आला. आपल्याकडे मेंदूचा आलेख किंवा स्कॅन काढण्याआधी मुलांना जे सिरप पाजतात ते बहुधा हेच. म्हणजे सिम्पसनच्या रुमालाची एक चुलत शाखा गोड होऊन बाटलीत आली आहे.

गोड असलं म्हणून ते निरुपद्रवी नव्हे. ट्रायक्लोरोइथेनॉलचं प्रमाण रक्तात निम्म्यावर यायला मोठ्या माणसातही आठ ते बारा तास लागतात, तान्ह्या बाळात त्याहून पुष्कळ जास्त. शिवाय गुंगी आणि भूल यांच्यामध्ये कुंपण नाही, नुसता उतार आहे. तोच डोस एका मुलाला पेंगुळतो, दुसऱ्याला गाढ झोपवतो, तिसऱ्याची जीभ मागे पाडतो. "भूल नाही हो, नुसती गुंगी" हे वाक्य ऐकलं की मला म्हणूनच जास्त काळजी वाटते. भुलेच्या वेळी माणूस उशाशी असतो. गुंगीच्या वेळी तो असेलच याची खात्री करून घ्यावी लागते.

अमेरिकेत चार्ल्स कोटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली मुलांना गुंगी देताना झालेल्या ९५ दुर्घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतली ५१ मुलं दगावली होती. दोष अमुक एका औषधाचा किंवा ते देण्याच्या एखाद्या पद्धतीचा, असं निघालं नाही. देखरेख अपुरी होती, श्वास अडल्यावर तो परत चालू करण्याचं कौशल्य जवळ नव्हतं, दोन-तीन औषधं एकावर एक दिली होती, अशी कारणं निघाली. आणि काही घटना घडल्या होत्या तपासणी संपल्यानंतर, गाडीतून घरी जाताना किंवा घरी पोचल्यावर. तपासणीच्या वेळचा आवाज, टोचणी, गडबड थांबली की उरलेलं औषध मुलाला पुन्हा झोपेत ओढतं. बसल्या जागी मान छातीवर पडते, आणि शेजारच्यांना वाटतं, दमलंय बिचारं.

बांबोळीहून वेंगुर्ल्याला यायला गाडीनं दीड-दोन तास लागतात.

एमआरआयच्या खोलीत देखरेख करणंही सोपं नसतं. मूल बोगद्यात, डॉक्टर लांब. नेहमीची लोखंडी उपकरणं आत नेताच येत नाहीत, कारण चुंबक सतत चालू असतं, स्कॅन होत नसतानासुद्धा. २००१ साली न्यूयॉर्क राज्यात गुंगी दिलेल्या सहा वर्षांच्या मुलाला प्राणवायू कमी पडला म्हणून कुणीतरी घाईनं नेहमीचा सिलिंडर आत आणला. तो चुंबकाकडे झेपावला आणि मुलाचा जीव गेला. २०१८ साली मुंबईत नायर रुग्णालयात एका नातेवाइकाचा मृत्यू असाच सिलिंडर आत नेताना झाला. आज अशा खोलीसाठी चुंबकाला न जुमानणारी वेगळी यंत्रं मिळतात. बोटाला लावलेला चिमटा रक्तातला प्राणवायू सांगतो. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली त्यामागचं तत्त्व मांडलं. उच्छ्वासातला कर्बवायू मोजणारी बारीक नळी तर प्रत्येक श्वासागणिक पडद्यावर एक टेकडी काढते. टेकडी उमटली नाही की श्वास नाही. हैदराबादेत डोळ्यांनी पाहायचे तेच आता पडद्यावर दिसतं.

आजीला हे सगळं सांगत बसलो नाही. तिला एवढंच म्हटलं, की भूलतज्ज्ञ स्वतः हजर असणार आहे ना, हे विचारा. आणि उपाशी ठेवायला सांगितलं असेल तर तेवढं पाळा. कारण गुंगीत घसा आपलं राखणदारीचं काम सोडतो आणि पोटातलं अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं. जेवण आणि वरचं दूध साधारण सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास, असा सर्वसाधारण नियम आहे, नेमकी वेळ तिथले डॉक्टर सांगतात. वाटेत रडलं म्हणून मायेनं दिलेलं एक बिस्कीटसुद्धा मोजायला लागतं, आणि दिलंच असेल तर लपवायचं नाही.

मुलाच्या बापानं वेगळंच विचारलं, मेंदूवर काही परिणाम होणार नाही ना? प्रश्न रास्त होता. तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून लांब भूल देण्याबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६ साली इशारा दिलेला आहे. पण एकदाच, तासाभराच्या आतली भूल मिळालेल्या बाळांचं काय? सात देशांतल्या ७२२ बाळांवरच्या एका अभ्यासात काहींना पूर्ण भूल, काहींना फक्त कमरेखालचा भाग बधिर करून शस्त्रक्रिया केली होती. पाच वर्षांची झाल्यावर त्यांची बुद्धी तपासली तर दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हे निष्कर्ष २०१९ साली आले, तेही 'लॅन्सेट'मध्येच.

आणि भूल टाळता येईल तिथे टाळतातच. अगदी तान्ह्या बाळाला पोटभर पाजून, दुपट्यात गुंडाळून नैसर्गिक झोपेत स्कॅन करता येतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला आधी खोट्या यंत्रात झोपवून, आवाज ऐकवून, 'पुतळा' होण्याचा खेळ शिकवला तर पुष्कळ मुलं जागेपणी निभावतात. पेच असतो तो मधल्या वयाचा, नेमका त्या अडीच वर्षांच्या भावाचा.

तिसऱ्या दिवशी मुलगी शाळेत आली. तपासणी झाली होती, भाऊ ठीक होता. तिची तक्रार वेगळीच होती. स्कॅन झाल्यावर भाऊ डोळे उघडून आईला हाक मारत होता, तरी नर्सनं सोडलं नाही. शांत खोलीत, कुणी हलवल्या-बोलवल्याशिवाय, वीस मिनिटं तो आपणहून जागा राहिला पाहिजे म्हणाली. दोनदा पेंगला, दोनदा वेळ पहिल्यापासून मोजली. त्यात ठरवलेली गाडी गेली आणि दुसरी मिळेपर्यंत तिन्हीसांज झाली. परत येताना त्याला मांडीवर आडवं न घेता मान सरळ धरून बसायला सांगितलं होतं, म्हणून आई आणि आजी आळीपाळीनं त्याची हनुवटी धरून बसल्या. म्हापशापर्यंत तो गप्प होता. बांदा आलं तसं त्यानं आजीचा हात झटकला आणि पेज मागितली.